पिक्चरमधला चेसचा सीन आणि आप्पांची पोस्टकार्डं

या वेळचं पत्र अमळनेरहून आलंय. मोठं आहे म्हणून थोडक्यात देते, शब्द बहुतेक त्याचेच आहेत.

"ताई, नमस्कार. मी २३ वर्षांचा आहे, मित्रांसोबत मोबाईलवर शॉर्टफिल्म बनवतोय, गुप्तहेराची. शेवटचा सीन असा आहे की व्हिलन आणि आपला एजंट गोडाऊनमध्ये चेस खेळतात, व्हिलन म्हणतो चेक, एजंट हसतो, एक मोहरा उचलतो आणि म्हणतो चेकमेट, आणि व्हिलनचा राजा हाताने उडवून लावतो. आम्हाला सगळ्यांना भारी वाटला. आमचे आप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, रोज संध्याकाळी ओट्यावर बुद्धिबळ मांडून बसतात. त्यांना हौसेने दाखवला तर त्यांनी मधेच पॉज केला, म्हणाले, हाऊ खेळ नही शे रे, हाई नाटक शे, बंद कर हे, आणि मोबाईल पालथा ठेवून निघून गेले. बारा दिवस झाले आम्ही बोलत नाहीये. आई म्हणते दोघं सारखेच हट्टी. बाँडच्या पिक्चरमध्ये पण चेस असंच दाखवतात ना? कोणाच्या लक्षात येतं? स्पर्धेसाठी पाठवायची महिनाअखेर तारीख आहे, रिशूट करू की तसंच पाठवू? आणि आप्पांशी बोलू कसं? त्यांना माझ्या कामाची किंमतच नाही असं वाटतं. एक गंमत, परवा कॅमेऱ्याचा स्टँड शोधताना त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जुनी पोस्टकार्डं सापडली, त्यावर नुसते आकडे, ५२५४ ५७५५ ६२६४ असे. तिकिटांचा हिशोब असेल. स्क्रिप्टमध्ये कोड म्हणून वापरू का असा विचार करतोय."

भाऊ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या आकड्यांपाशी आले आणि खुर्चीतून उठून माळ्यावरचा पट काढून आणला. पण आकड्यांचं नंतर सांगते, आधी तू विचारलंस त्याचं.

बाँडच्या पिक्चरमध्ये असंच दाखवतात का? नाही. तू ज्याच्याबद्दल बोलतोयस तो १९६३ चा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' असणार, कारण त्यातलाच चेसचा सीन सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. व्हेनिसमध्ये मोठ्या हॉलमध्ये मॅच चाललीय, लोक बसलेत, भिंतीवर मोठा पट लावलाय, क्रॉनस्टीन नावाचा माणूस खेळतोय जो आतून त्या गुन्हेगार टोळीचा प्लॅन आखणारा मेंदू आहे. पाण्याच्या ग्लासाबरोबर आलेल्या नॅपकिनवर त्याला निरोप येतो की ताबडतोब ये. तो निरोप वाचतो, चेहऱ्यावर काही नाही, चाल करतो, समोरचा हार मानतो, हा उठून निघतो. आता बघ, त्या पटावर जी मांडणी आहे ती कोणी मनाने मांडलेली नाही. १९६० साली लेनिनग्राडला सोव्हिएत चॅम्पियनशिपमध्ये बोरिस स्पास्की आणि डेव्हिड ब्रॉनस्टीन यांच्यात खरोखर झालेला डाव आहे तो, स्पास्कीने पांढरे घेऊन २३ चालींत जिंकलेला. म्हणजे पिक्चरवाल्यांनी खरा, आणि फार देखणा डाव शोधून काढला होता.

पण त्यांनी पटावरची पांढरी दोन प्यादी काढून टाकली. खऱ्या डावात मधोमध पांढऱ्याची दोन प्यादी होती, पिक्चरमध्ये ती नाहीत, बाकी सगळं तसंच. तू विचारतोस कोणाच्या लक्षात येतं, तर साठ वर्षं उलटून गेलीत आणि बुद्धिबळवाली माणसं अजून त्या दोन प्याद्यांबद्दल बोलतात. दोन प्याद्यांबद्दल! आणि तुझ्या सीनमध्ये तर, तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला, पटच आडवा ठेवलाय. खेळणाऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर पाहिजे, तुझ्या एजंटच्या उजव्या हाताला काळं आहे. वजीर आणि राजाची अदलाबदल झालीय, वजीर नेहमी आपल्या रंगाच्या घरात उभा राहतो, पांढरा वजीर पांढऱ्या घरात. आणि एजंट जी मात करतो ती मात नाहीच, व्हिलनच्या राजाला बाजूला सरकायला घर मोकळं आहे. आप्पांनी पॉज कुठे केला असेल ते मला फोटो बघूनच कळलं. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी ज्या पटाकडे माणूस बघतो तो पट उलटा दिसला की त्याला कसं होतं ते सांगू का, तुझ्या आईला कोणी वरणबट्टीच्या ताटात बट्टी नुसतीच ठेवून वरण विसरलं तर जसं होईल तसं. तिथून पुढे तुझा एजंट काय बोलला, लाइट कसा होता, काही त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

पण आप्पांचं पण चुकलं, हे मी लिहूनच देते. पोरगा हौसेने दाखवतोय तर पालथा मोबाईल ठेवून उठून जायचं नसतं, बस आणि सांग ना बाबा कुठे चुकलं. हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तर हे वाक्य गाळू नकोस.

आता जरा खोलात जाऊ, कारण चूक फक्त पट उलटा ठेवण्याची असती तर पाच मिनिटांत सुटली असती.

हेरगिरीच्या पिक्चरमध्ये चेस येतं कशासाठी? बहुतेक वेळा एकाच कामासाठी, हा माणूस हुशार आहे हे दोन सेकंदांत सांगायला. चष्मा, सिगारेट, पुढ्यात पट, झालं. मग तो पटकन चाल करणार, कधी अडखळणार नाही, दहा चाली पुढचं दिसतंय असं म्हणणार, आणि समोरच्याला, जो तितकाच मोठा खेळाडू म्हणून दाखवलाय, त्याला पुढच्याच चालीला आपल्याला मात होतेय हे दिसणार नाही. खऱ्या मोठ्या डावात असं जवळपास होत नाही. मात व्हायच्या कितीतरी आधी माणसाला कळतं की संपलं, तो हात पुढे करतो, सही करतो, उठतो. चेकमेट असं कोणी ओरडत नाही आणि दुसऱ्याच्या राजाला हात तर अजिबात लावत नाही. आणि खरं सांगायचं तर तो क्रॉनस्टीन पण, इतका मोठा मेंदू, त्याने आखलेला प्लॅन पिक्चरमध्ये फसतोच आणि त्याचीच माणसं त्याला मारतात, बुटातल्या विषारी पात्याने. लोकांना पटावरचा तो लक्षात राहतो, नंतरचा राहत नाही.

तुला एक खरी गोष्ट सांगते, ती ऐकून मग ठरव गुप्तहेर आणि बुद्धिबळ यांचा संबंध कसला असतो ते. १९३९ साली अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड चालू होतं आणि मधेच दुसरं महायुद्ध सुरू झालं. इंग्लंडची टीम स्पर्धा सोडून घरी निघाली. त्या टीममधले तीन जण, ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिल्नर-बॅरी आणि हॅरी गोलोम्बेक, पुढे ब्लेचली पार्कला गेले, म्हणजे जिथे जर्मनांच्या एनिग्मा मशीनचे कोड फोडायचं काम चालायचं तिथे. अलेक्झांडर तर ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाच्या नंतर हट ८ चा प्रमुख झाला, जर्मन नौदलाचे संदेश फोडणारा विभाग तो. 'द इमिटेशन गेम' नावाचा २०१४ चा पिक्चर बघितला असशील तर त्यात तो आहे.

आता या बुद्धिबळपटूंनी तिथे केलेली सगळ्यात मोठी चाल कोणती माहितीये? १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये ट्युरिंग, तिथलाच सहकारी वेल्चमन, अलेक्झांडर आणि मिल्नर-बॅरी या चौघांनी थेट पंतप्रधान चर्चिलला पत्र लिहिलं, मधले सगळे साहेब सोडून, की आमच्याकडे क्लार्क कमी आहेत, टायपिस्ट कमी आहेत, माणसं द्या नाहीतर काम अडतंय. मिल्नर-बॅरी स्वतः ते पत्र घेऊन डाउनिंग स्ट्रीटला गेला. चर्चिलने त्यावर आजच्या आज कारवाई करा असा शेरा मारला आणि माणसं मिळाली. टायपिस्ट द्या म्हणून अर्ज! हे कुठल्या व्हिलनच्या गोडाऊनमध्ये होत नाही भाऊ, पण काम असं चाललं म्हणून रात्री-बेरात्री ते संदेश फुटले. तुझ्या आप्पांनी डेपोत कितीतरी वर्षं वेबिलं, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचे कागद, भरली असतील, त्यांना हे सांग, त्यांना पटकन समजेल.

आणि पुढचं ऐक. युद्धानंतर अलेक्झांडर ब्रिटिश गुप्त खात्यातच राहिला, कोड फोडणाऱ्यांचा प्रमुख झाला, आणि बुद्धिबळ सोडलं नाही. सोव्हिएत देशांत खेळायला जायची त्याला परवानगी नव्हती, कारण उघड आहे. पण सोव्हिएत खेळाडू इंग्लंडला यायचे ना. १९५३-५४ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याची गाठ पडली ब्रॉनस्टीनशी. हाच ब्रॉनस्टीन, बाँडच्या पिक्चरमधल्या पटावर ज्याची बाजू हरते तो, जो १९५१ ला बॉटविनिकशी जगज्जेतेपदाची मॅच १२-१२ अशी बरोबरीत सोडवून बसला होता. या खऱ्याखुऱ्या गुप्त खात्यातल्या माणसाने काळे मोहरे घेऊन त्याला हरवलं. किती चालींत? १२० चालींत! मधे थांबवत, पुन्हा बसत, पुन्हा थांबवत.

आता हे दोन डाव शेजारी ठेव. पिक्चरमधला हेर ब्रॉनस्टीनच्या बाजूला एका चालीत गारद करून उठून जातो. खरा हेर त्याच ब्रॉनस्टीनसमोर १२० चाली बसून राहतो. मला विचारशील तर हेरगिरीची भीती, तिचा थकवा, तिचा चिवटपणा, सगळं त्या बसून राहण्यात आहे, आणि तुझ्या सीनमध्ये नेमकं तेच नाहीये. तुझा एजंट सात सेकंदांत जिंकतो, मग मला त्याची काळजी वाटणार कधी?

स्पास्कीचं पण सांगून टाकते म्हणजे वर्तुळ पुरं होईल. तो १९६९ ला जगज्जेता झाला आणि १९७२ ला आइसलँडमध्ये रेकजाविकला बॉबी फिशरसमोर हरला. त्या मॅचच्या वेळी सोव्हिएत बाजूने तक्रार केली की हॉलमध्ये काहीतरी रासायनिक किंवा इलेक्ट्रॉनिक वापरून आमच्या माणसावर परिणाम करतायत. मग आइसलँडच्या लोकांनी खुर्च्यांचे एक्स-रे काढले, वरचे दिवे उघडून बघितले. सापडलं काय तर दिव्यात दोन मेलेल्या माश्या. हेरगिरीचा पिक्चर म्हणतोस ना, हा तो. सगळ्यांना सगळ्यांचा संशय, खुर्ची फोडायची पाळी, आणि आत दोन माश्या. हा सीन कोणी लिहिला असता तर लोक म्हणाले असते उगाच काहीही.

म्हणजे चेस पिक्चरमध्ये घेऊच नये असं माझं म्हणणं नाही, आपल्या भाषेतच ते किती मुरलंय बघ, राजकारणाची बातमी शह-काटशह शिवाय पुरी होत नाही, घोडा अडीच घरं चालला असं आपण तिरक्या माणसाबद्दल बोलतो. नीट वापरणारे पण आहेत. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या २०११ च्या पिक्चरमध्ये गुप्त खात्याचा म्हातारा प्रमुख असतो, त्याला खात्यातच कोणीतरी फितूर आहे असा संशय असतो. तो गेल्यावर त्याच्या घरी बुद्धिबळाचे मोहरे सापडतात आणि एकेका मोहऱ्यावर एकेका संशयिताचा फोटो चिकटवलेला. कोणी चाल करत नाही, शह देत नाही. शोधायला आलेल्या माणसाला त्यात स्वतःचा पण फोटो दिसतो. बस. एका म्हाताऱ्याने घरात एकट्याने बसून किती रात्री काढल्या असतील ते आपल्याला नुसत्या त्या चिकटवलेल्या कागदांवरून कळतं.

आणि आपल्याकडचं सगळ्यात भारी म्हणजे सत्यजित राय यांचा १९७७ चा 'शतरंज के खिलाडी', प्रेमचंदांच्या कथेवरचा. हेरगिरीचा नाही तो, पण कंपनी सरकार १८५६ ला अवध गिळतंय आणि दोन जहागीरदार पटावरून उठत नाहीत. तिथे बुद्धिबळ हुशारीची खूण नाहीच, पटावर डोळे लावून बसलेल्यांना अख्खं राज्य गेलेलं दिसत नाही याची खूण आहे. त्यात बायको मोहरे लपवते तर हे दोघं घरातल्या खायच्या वस्तू मोहरे म्हणून मांडून खेळतात. ते बघताना मला माझा धरणगावचा मामा आठवतो, त्याच्या पटातला एक हत्ती हरवला होता तर त्या जागी सुपारी असायची, आणि लाइट गेली की कंदिलात ती सुपारी आणि प्यादं सारखंच दिसायचं. मी एकदा चुकून सुपारीला हात लावला, मला खरं तर शेजारचं प्यादं सरकवायचं होतं. मामा म्हणाला, हात लागला ना, आता तेच खेळ. हत्ती हलवला, खालून वजीर गेला, मी रडले, मामाने चाल परत दिली नाही. नऊ वर्षांची होते. आजही कुठल्या कागदावर सही करायच्या आधी माझा हात जरा थांबतो तो त्या सुपारीमुळे.

हा हात लावला की खेळलंच पाहिजे हा नियम खऱ्या स्पर्धेतला आहे, आणि भाऊ, यापेक्षा मोठा सस्पेन्स तुला फुकटात कुठे मिळणार? तुझ्या एजंटला हसवू नकोस. त्याचं बोट घोड्यावर टेकू दे, आणि टेकल्यावर त्याला दिसू दे की चुकलं. आता बोट उचलून उपयोग नाही. कॅमेरा त्या बोटावर ठेव आणि दहा सेकंद कापू नकोस. डायलॉग नको. आपण सगळे या खेळातली प्यादी आहोत असलं वाक्य तर कृपा करून नको, ते वाक्य इतक्या पिक्चरमध्ये येऊन गेलंय की ऐकताना आता कोणाला काहीच वाटत नाही.

चूक दाखवायला लाजू नकोस म्हणून अजून एक. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाची मॅच, गुकेश आणि डिंग लिरेन, शेवटचा चौदावा डाव, दोघं साडेसहा-साडेसहावर. डाव बरोबरीकडे चाललेला, आणि डिंगने ५५ व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात ठेवला. तू तो व्हिडिओ परत काढून बघ, आवाज बंद करून. अठरा वर्षांच्या पोराला कळतं की समोरच्याकडून चूक झालीय, आणि त्याला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही, तो पुन्हा बघतो, तपासतो. जिंकल्यावर तो रडतो, आणि रडत रडतच पटावरचे मोहरे परत आपापल्या घरात मांडून ठेवतो. राजा उडवून लावत नाही, मांडून ठेवतो! जग जिंकलेल्या माणसाचे हात काय करतात ते तिथे दिसतं, तुझ्या एजंटचे हात काय करतील ते त्यावरून ठरव.

तर रिशूट कर. गोडाऊनचं भाडं परत लागेल, पैसे संपलेत, हे सगळं तू लिहिलंयस, म्हणून आता त्या आकड्यांकडे येते, कारण मला वाटतं तुला गोडाऊनची गरजच नाहीये.

५२५४ हा तिकिटांचा हिशोब नाही भाऊ. लांबच्या माणसाशी टपालाने बुद्धिबळ खेळतात ना, त्याची ही लिपी आहे. पटाच्या उभ्या आठ पट्ट्यांना पांढऱ्याच्या डाव्या हातापासून एक ते आठ नंबर, आणि आडव्या आठ रांगांना खालून वर एक ते आठ. पहिले दोन आकडे म्हणजे मोहरा कुठून उचलला, पुढचे दोन म्हणजे कुठे ठेवला. ५२ म्हणजे पाचव्या पट्टीतलं दुसरं घर, तिथे राजापुढचं प्यादं असतं, ते ५४ ला गेलं, दोन घरं पुढे. ५७५५ हे काळ्याचं उत्तर, त्यानेही राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. हे असं का, तर तुझी भाषा कोणतीही असो, घोड्याला तू काहीही म्हण, आकडे सगळ्यांना सारखेच कळतात.

आणि तिसरा आकडा, ६२६४. राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे, म्हणजे समोरच्याला सांगायचं की घे, फुकट घे, मी हल्ल्याला येतोय. याला किंग्ज गॅम्बिट म्हणतात. भित्रा माणूस हे खेळत नाही. स्पास्कीने ब्रॉनस्टीनला हरवलेला तो डाव, बाँडच्या पिक्चरमधला, तो याच तीन चालींनी सुरू होतो. नेमक्या याच. पट मांडून हे बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तू जगभरचे हेरगिरीचे पिक्चर बघून जो सीन शोधत होतास त्याची सुरुवात तुमच्या घरात पत्र्याच्या पेटीत पडून होती, आणि तुला ती कोड म्हणून वापरावीशी वाटली, म्हणजे तुझी नजर चांगली आहे, फक्त अक्षर ओळखता आलं नाही.

असं वाटणारा तू पहिला नाहीस बरं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सेन्सॉरने परदेशी टपालातून बुद्धिबळाच्या चाली पाठवायला बंदी केली होती, नुसते आकडे आणि अक्षरं असलेल्या कागदात कोण काय लपवून पाठवेल सांगता येत नाही म्हणून. आता विचार कर, भुसावळला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, रात्री टपाल सॉर्ट करणारा एक साधा माणूस, बाहेर गाड्यांची अनाउन्समेंट, त्याच्या हातात एक कार्ड येतं, त्यावर मजकूर नाही, नुसते चार चार आकडे, खाली सही. पुढच्या आठवड्यात अजून एक. तो काय करेल? वर कळवेल, का घरी जाऊन पट मांडेल? एक खोली, एक टेबल, एक कार्ड, खर्च काहीच नाही. तुझ्या एजंटपेक्षा मला या सॉर्टरची काळजी आत्ताच वाटायला लागलीय. कथा तुझी आहे, तू ठरव, गोडाऊनच ठेवायचं असलं तर तेही ठेव पण पट सरळ कर.

आप्पांशी कसं बोलायचं विचारलंस. सॉरी म्हणायला जाऊ नकोस, ते आणि तू दोघंही अवघडून जाल, आणि पेटी उघडली म्हणून आधी ओरडतील ते वेगळंच, ओरडू दे, त्यांची खाजगी पेटी आहे, विचारून उघडायला हवी होती. संध्याकाळी ते ओट्यावर पट मांडतात तेव्हा गपचूप समोर जाऊन बस, पांढरे मोहरे आपल्याकडे घे, आणि तोंडाने काही न बोलता राजापुढचं प्यादं दोन घरं टाक. ते काळं तसंच टाकतील, बहुतेक टाकतीलच. मग राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं टाक आणि बघ त्यांच्याकडे.

त्यानंतर विचार की आप्पा, ही कार्डं कोणाला जायची. समोरचा कोण होता, कुठल्या गावचा, कधी भेट झाली का नुसतेच आकडे. एका चालीला उत्तर यायला किती दिवस लागायचे आणि त्या दिवसांत कंडक्टरची बॅग खांद्याला लावून धुळे, चोपडा, पारोळा करताना डोक्यात कोणता घोडा कुठे उभा होता. कामाची किंमत नाही असं तुला त्यांच्याबद्दल वाटतंय ना, मग त्यांच्या या कामाबद्दल तू तरी कधी विचारलंस? हे टोचायला म्हणत नाही, मी पण माझ्या मामाला कधी विचारलं नाही आणि आता विचारायला तो नाही.

आणि त्यांनाच सांग की मला एक मांडणी करून द्या, अशी की एजंटने घोडा उचलला तर हरतो आणि नाही उचलला तर वाचतो, पण घोडा उचलावासा वाटलाच पाहिजे. बघ, चहा गार होईपर्यंत उठणार नाहीत. पडद्यावर शेवटी नावं देतोस तिथे बुद्धिबळ रचना म्हणून त्यांचं नाव टाक, पूर्ण नाव, आधी सांगू नकोस. शूटच्या दिवशी पटाजवळ त्यांना बसव, प्रत्येक टेक आधी त्यांनी पट तपासायचा, पोरं मोहरे हलवतात आणि परत ठेवताना चुकतात, त्या बाँडवाल्यांसारखी तुमची दोन प्यादी गायब व्हायला नकोत.

एक काम माझं पण कर. त्या पेटीत सगळ्यात शेवटच्या चालीचं कार्ड कोणतं आहे ते आप्पांना विचारून काढ आणि त्यावरचे आकडे मला पाठव, मधली कार्डं सापडली तर तीही. तो डाव संपला होता का अर्धाच राहिला ते मला कळायला पाहिजे. मी तीन चाली मांडून ठेवल्यात, टेबलावर पट तसाच आहे, घरच्यांना सांगितलंय कोणी हात लावायचा नाही.